वन-डी कन्व्हॉल्यूशन नंपायमध्ये: पावसाच्या आकड्यांवर फिल्टर कसा चालवायचा

आकड्यांची एक लांब रांग आणि तिच्यावर फिरवायचा एक छोटा फिल्टर, वन-डी कन्व्हॉल्यूशन म्हणजे एवढंच. रोजचा पाऊस असो, धरणाची पातळी असो, माइकमधून आलेला आवाज असो, काम तेच. पायथनमध्ये नंपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं कन्व्हॉल्व्ह हे फंक्शन ते एका ओळीत करून देतं, आणि ओळ एकच असल्यामुळे बहुतेक जण ती कुठूनतरी उचलतात, ग्राफ गुळगुळीत आला की पुढे जातात, पण तो ग्राफ एक दिवस मागेपुढे सरकलाय का, पहिले नि शेवटचे दोन-तीन आकडे खरे आहेत का, हे बघायचं राहूनच जातं. मला विचाराल तर फिल्टरमध्ये कुठले आकडे टाकायचे हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. आउटपुटमधला कुठला आकडा कुठल्या दिवसाचा आणि टोकांना नक्की काय झालं हे ज्याला सांगता येतं त्याला कन्व्हॉल्यूशन आलं असं मी समजतो.

म्हणून आधी चार आकडे घेऊन कागदावर करू, कॉम्प्युटर नंतर. (फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरा.)

समजा एका छोट्या पाणलोटात चार दिवसांत असा पाऊस पडला, मिलिमीटरमध्ये, जमिनीत मुरलेलं आधीच वजा करून. आकडे मी हिशोबाला सोपे म्हणून घेतलेत:

पाऊस = [१०, ४०, ०, २०]

आणि त्या पाणलोटाची पद्धत अशी की पडलेल्या पाण्यातलं निम्मं त्याच दिवशी नदीत येतं, ३० टक्के दुसऱ्या दिवशी आणि उरलेलं २० टक्के तिसऱ्या दिवशी:

वाटा = [०.५, ०.३, ०.२]

हा दुसरा अ‍ॅरे (आकड्यांची रांग) म्हणजे कर्नल, आपला फिल्टर. जलविज्ञानात याच कल्पनेला युनिट हायड्रोग्राफ म्हणतात, एल. के. शर्मन या अमेरिकन इंजिनियरने ती १९३२ साली मांडली आणि सिव्हिलच्या पोरांना ती आजही शिकावी लागते. आता नदीत रोज किती पाणी आलं ते काढू. पहिल्या दिवशी फक्त १० चं निम्मं, म्हणजे ५. दुसऱ्या दिवशी ४० चं निम्मं २० आणि कालच्या १० चे ३० टक्के म्हणजे ३, एकूण २३. तिसऱ्या दिवशी पाऊसच नाही, पण कालच्या ४० चे १२ आणि परवाच्या १० चे २ मिळून १४. चौथ्या दिवशी आजच्या २० चे १०, कालचं शून्य, परवाच्या ४० चे ८, एकूण १८. आणि पाऊस थांबला तरी नदी थांबत नाही, पाचव्या दिवशी ६ आणि सहाव्या दिवशी ४ येतातच. सगळं मिळून:

नदी = [५, २३, १४, १८, ६, ४]

झालं, हेच कन्व्हॉल्यूशन. चार आकडे आणि तीन आकडे यांच्यातून सहा आले, कारण शेवटच्या दिवशी पडलेल्या पावसाचं पाणी आणखी दोन दिवस येत राहतं. नियम असा की लांबी = पहिल्याची लांबी + दुसऱ्याची लांबी − १.

आता चौथ्या दिवसाचा हिशोब परत बघा. आजच्या पावसाला ०.५ लागलं, कालच्याला ०.३, परवाच्याला ०.२. पावसाची रांग आपण जुन्या दिवसाकडून नव्या दिवसाकडे लिहितो, म्हणजे त्या रांगेखाली वाटे ०.२, ०.३, ०.५ असे उलटे बसतात. "कर्नल उलटा करून सरकवा" असं जे सगळीकडे सांगतात आणि का ते सांगत नाहीत, त्याचं कारण एवढंच आहे. जितका पाऊस जुना तितका त्याला कर्नलमधला पुढचा वाटा लागणार, म्हणून उलटं.

लूप लिहायचा असेल तर उलटं करायचीही गरज पडत नाही. सहा शून्यांचा नदी नावाचा अ‍ॅरे घ्या, बाहेरचा लूप पावसाच्या दिवसांवर, आतला लूप वाट्यांवर, आणि आत एकच ओळ:

नदी[दि + क] += पाऊस[दि] * वाटा[क]

प्रत्येक दिवसाचा पाऊस आपापलं पाणी पुढच्या दिवसांत टाकत जातो. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे ही ओळ अशीच्या अशी चालेल, फक्त इंडेक्स शून्यापासून धरा. मोठ्या डेटावर हा लूप फार हळू चालतो, पण शिकताना एकदा स्वतः लिहून बघाच, कारण पुढे काही अडलं की याच लूपशी ताडून बघता येतं.

एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. [१, २] आणि [१, ३] यांचं कन्व्हॉल्यूशन केलं तर [१, ५, ६] येतं, आणि १२ × १३ = १५६. शाळेतला लांब गुणाकार हा हातचे घ्यायच्या आधीचा कन्व्हॉल्यूशनच आहे, आणि बहुपदींचा गुणाकार तर तंतोतंत तोच. तेव्हा हे काही नवीन नाहीये, तुम्ही ते चौथीपासून करताय.

आता नंपाय. एनपी.कन्व्हॉल्व्ह(पाऊस, वाटा) लिहिलं (एनपी हे नंपायचं छोटं नाव) की वरचे सहाही आकडे मिळतात, कारण तिसरं आर्ग्युमेंट म्हणजे मोड दिला नाही तर तो डिफॉल्टने 'फुल' असतो. मोड तीन आहेत आणि आपल्याच उदाहरणावर ते असे दिसतात:

फुल: [५, २३, १४, १८, ६, ४]
सेम: [२३, १४, १८, ६]
व्हॅलिड: [१४, १८]

व्हॅलिडमध्ये फक्त ते दिवस राहतात जिथे कर्नलच्या तिन्ही आकड्यांना खरा डेटा मिळाला. सेम काय करतं तर फुलच्या दोन्ही बाजूंनी सारखं कापून मूळ अ‍ॅरेइतकी लांबी ठेवतं. आणि इथेच घात होतो. चार दिवसांचा पाऊस दिला, चार आकडे परत आले, लांबी जुळली, प्लॉटही झाला, एरर काही नाही, पण बघा, पहिल्या दिवसासमोर २३ आलाय जो खरा दुसऱ्या दिवसाचा आहे. म्हणजे ग्राफवर पूर एक दिवस आधी आला आणि पहिल्या दिवसाचे ५ गायबच झाले. कर्नल तीनऐवजी अकरा दिवसांचा असता तर पूर पाच दिवस आधी दिसला असता.

त्यामुळे मोड निवडायच्या आधी स्वतःला एकच विचारा, माझ्या कर्नलमधला पहिला आकडा "आज"चा आहे की मधला आकडा "आज"चा आहे? नदीसारखं, जिथे परिणाम कारणाच्या नंतरच येतो, तिथे पहिला आकडा आजचा असतो. अशा वेळी फुल काढा आणि त्यातले सुरुवातीचे चारच ठेवा, म्हणजे जेवढी मूळ लांबी तेवढे. सायपाय या नंपायच्या जोडीच्या लायब्ररीतल्या सिग्नल मोड्यूलमधलं एलफिल्टर नेमकं हेच देतं, पहिलं आर्ग्युमेंट कर्नल, दुसरं १, तिसरं डेटा. सेन्सरकडून डेटा तुकड्यातुकड्याने येत असेल तर त्यात झेडआय नावाचं आर्ग्युमेंट आहे, त्यातून मागच्या तुकड्यातलं शिल्लक पाणी पुढच्या तुकड्यात नेता येतं, नाहीतर प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला नदी कोरडी असल्यासारखा हिशोब होतो. आणि धरणवाल्यांसाठी फुलचं ते शेपूट, ६ आणि ४, फेकायचं नाही, कारण पाऊस थांबल्यावर अजून किती येणार हेच तर त्यांना हवं असतं.

मधला आकडा आजचा असेल, म्हणजे पुढचे-मागचे दिवस घेऊन गुळगुळीत करायचं असेल, तर सेम बरोबर. फक्त कर्नलची लांबी विषम ठेवा. सम लांबीला मधला आकडाच नसतो, त्यामुळे सगळं अर्ध्या दिवसाने सरकतं. महिन्यांच्या डेटावर १२ ची विंडो हवीच असते, वर्षाचं चक्र काढून टाकायला, तेव्हा तिथे १३ आकड्यांचा कर्नल करतात, दोन्ही टोकांना १/२४ आणि मधल्या अकरांना १/१२. बेरीज १ च होते आणि मधला महिना मधेच राहतो.

हा पुढे-मागे बघण्याचा मुद्दा किती मोठा आहे ते एका खऱ्या आकड्यावरून कळेल. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आजूबाजूचे दिवस क्षणभर शून्य धरा आणि सात दिवसांची सरासरी लावा, म्हणजे कर्नलमध्ये सात वेळा १/७. ९४४ भागिले ७ म्हणजे साधारण १३४.९, आणि हा आकडा सात दिवसांवर सारखा पसरतो. मधोमध धरलेल्या सरासरीत तो २३ जुलैपासून २९ जुलैपर्यंत दिसेल, म्हणजे जो पाऊस अजून पडायचाच आहे तो तीन दिवस आधीच ग्राफवर. मागच्या सात दिवसांची सरासरी घेतली तर २६ जुलैपासून १ ऑगस्टपर्यंत. दोन्ही ग्राफ गणिताने बरोबर आहेत. झालेल्या मोसमाचा अभ्यास करताना मधोमधची सरासरी चांगली, शिखर जागच्या जागी राहतं. पण त्याच डेटावर अंदाजाचं मॉडेल शिकवणार असाल तर ती अजिबात वापरू नका, कारण मॉडेलला उत्तर आधीच फोडून दिल्यासारखं होतं, टेस्टमध्ये ते भारी चालतं आणि प्रत्यक्षात आपटतं. टेबलांसाठीच्या पांडाज लायब्ररीचं रोलिंग डिफॉल्टने मागचीच विंडो घेतं आणि सुरुवातीच्या अपुऱ्या दिवसांना नॅन (इथे आकडा नाही अशी खूण) देतं, सेंटर ट्रू केलं तरच मधोमध जातं. नंपायचं सेम मात्र कायमच मधोमध. तेव्हा दोघांचे ग्राफ जुळत नाहीत म्हणून गोंधळायचं नाही, तीन दिवसांचा फरक असणारच.

आता टोकं. नंपाय अ‍ॅरेच्या बाहेर सगळीकडे शून्य आहे असं मानतं. नदीच्या उदाहरणात ते चालून गेलं, आधी पाऊस नव्हताच. पण सरासरी काढताना बघा काय होतं. सलग पाच वेळा १० असा अ‍ॅरे घ्या, तीनची सरासरी, मोड सेम:

[६.६७, १०, १०, १०, ६.६७]

सगळे दहाच असताना टोकांना ६.६७ कुठून आलं? बाहेरच्या शून्यातून. धरणाची पातळी, तापमान, असं शून्यापासून लांब असलेलं काहीही असेल तर ग्राफ दोन्ही टोकांना खाली वाकतो, आणि उजवं टोक म्हणजे तर आजचा दिवस, लोक बघणार तोच. "पातळी कमी होतेय" अशी बातमी यातून तयार होऊ शकते. म्हणून कुठलाही सरासरीचा फिल्टर खऱ्या डेटावर लावायच्या आधी तो सगळे आकडे सारखे असलेल्या अ‍ॅरेवर चालवून बघा. जसाच्या तसा बाहेर आला पाहिजे.

उपाय बरेच आहेत. सगळ्यात प्रामाणिक म्हणजे व्हॅलिड वापरून टोकं सोडून द्यायची, आणि ग्राफवर तारखा जुळवताना सुरुवातीचे नि शेवटचे कर्नलच्या निम्मे दिवस वगळायचे. ते परवडत नसेल तर आधी एनपी.पॅड वापरून टोकांना आकडे जोडायचे आणि मग व्हॅलिड. 'एज' मोड शेवटचाच आकडा परत परत लावतो, 'रिफ्लेक्ट' आरशासारखं उलटं लावतो, 'रॅप' दुसऱ्या टोकाचे आकडे आणतो, हा शेवटचा फक्त खरंच गोल फिरणाऱ्या डेटाला, म्हणजे दिवसाचे २४ तास किंवा वाऱ्याच्या दिशेप्रमाणे मोजलेली संख्या वगैरे.

पण डेटा चढत असेल तर यातलं काहीच पूर्ण बरोबर येत नाही हे लक्षात असू द्या. [१०, २०, ३०, ४०, ५०] वर तीनची सरासरी घ्या, सरळ रेष आहे, पहिल्या जागी १० च यायला हवा. एजने १३.३३ येतो, रिफ्लेक्टने १६.६७. पॅडमध्ये रिफ्लेक्टबरोबर रिफ्लेक्ट-टाईप 'ऑड' दिलं तर ते चढ तसाच पुढे वाढवतं, बाहेरचा आकडा ० धरतं, आणि मग (० + १० + २०) / ३ म्हणजे बरोबर १० येतो. मोसमात भरत जाणाऱ्या धरणाच्या पातळीला मला हाच पर्याय बरा वाटतो. पावसाला मात्र नको, तिथे बाहेरचा आकडा उणेसुद्धा निघू शकतो, आणि उणे पाऊस म्हणजे काय?

तिसरा मार्ग मी सगळ्यात जास्त सुचवेन, कारण त्यात टोकं आणि मधल्या गाळलेल्या नोंदी दोन्ही एकदम सुटतात. नोंद नसली की तिथे नॅन असतो आणि नॅन आजूबाजूच्या सगळ्या आउटपुटना खराब करतो, सातची विंडो असेल तर एका नॅनचे सात होतात. त्याजागी ० भरणं हा उपाय नाही, ० मिलिमीटर ही खरी नोंद असते, "त्या दिवशी पाऊस नव्हता" असं ती सांगते. करायचं असं. समजा डेटा [१०, नॅन, ३०, २०]. एक अ‍ॅरे असा की नॅनच्या जागी ०: [१०, ०, ३०, २०]. दुसरा असा की नोंद आहे तिथे १, नाही तिथे ०: [१, ०, १, १]. दोन्हीवर [१, १, १] हा कर्नल सेम मोडने चालवा. पहिल्यातून येतं [१०, ४०, ५०, ५०], दुसऱ्यातून [१, २, २, २]. भागाकार:

[१०, २०, २५, २५]

प्रत्येक जागी जेवढ्या नोंदी खरंच होत्या तेवढ्यांचीच सरासरी. कर्नलमध्ये वेगवेगळी वजनं असली तरी हीच युक्ती चालते, फक्त दोन्हीकडे तोच कर्नल लावायचा. जिथे छेदात ० येईल तिथे परत नॅन ठेवा, आणि छेद फार लहान असेल, म्हणजे सातपैकी एकच नोंद, तिथेही नॅनच ठेवलेला चांगला. आणि हो, ही युक्ती सरासरीसाठी आहे. नदीच्या हिशोबात ती लावायची नाही, तिथे पाण्याची बेरीज जुळायला हवी, भागाकार केला की नसलेलं पाणी तयार होतं.

बेरजेवरून आठवलं, फुल मोडमध्ये आउटपुटची बेरीज = डेटाची बेरीज × कर्नलची बेरीज. आपल्याकडे पाऊस ७०, वाटे १, नदी ५ + २३ + १४ + १८ + ६ + ४ = ७०. हा ताळा करत जा, सोपा आहे. पण तो कर्नल उलटा लागलाय का हे पकडत नाही. एनपी.कोरिलेट हे फंक्शन कर्नल न उलटता सरकवतं, त्याने फुल मोडमध्ये [२, ११, १७, २४, ६, १०] येतं, बेरीज ७० च, पण नदी साफ चुकलेली. (कोरिलेटचा डिफॉल्ट मोड व्हॅलिड आहे आणि कन्व्हॉल्व्हचा फुल, हेही ध्यानात ठेवा, एकाच्या जागी दुसरं टाकलं की लांबीही बदलते.) ते पकडायला एकच १ असलेला अ‍ॅरे द्या, [०, ०, १, ०, ०]. कन्व्हॉल्व्ह असेल तर कर्नल जसाच्या तसा दिसेल, ०.५, ०.३, ०.२ या क्रमाने, कोरिलेट असेल तर उलटा. आणि तो कुठल्या जागेपासून सुरू होतो यावरून सरकलंय किती तेही कळतं. एका चाचणीत दोन्ही गोष्टी, म्हणून मी कुठलीही नवीन लायब्ररी हातात आली की आधी हीच चाचणी घेतो.

डीप लर्निंगवाल्यांना हे जास्त सांगावं लागतं. पायटॉर्च आणि टेन्सरफ्लो या त्यांच्या लायब्ररींमध्ये ज्याला कन्व्हॉल्यूशन म्हणतात ते प्रत्यक्षात कोरिलेशनच आहे. तिथे वजनं नेटवर्क स्वतः शिकतं त्यामुळे उलटं-सुलटं असल्याने काही अडत नाही. पण तुमची स्वतःची वजनं, म्हणजे वरचे नदीचे वाटे, त्यात भरायचे असतील तर आधी उलटे करून भरा.

कर्नल कुठला घ्यायचा हे थोडक्यात सांगतो. सारखी वजनं असलेली सरासरी सगळ्यात साधी, आणि आठवड्याचं चक्र काढायला सातचीच विंडो घ्या, कारण प्रत्येक विंडोत प्रत्येक वार बरोबर एकदा येतो. कोरोनाच्या काळात रविवारी नोंदी कमी पडायच्या, तेव्हा सात दिवसांची सरासरी सगळीकडे दाखवायचे ते यासाठी, पाच दिवसांची घेतली असती तर आठवड्याची लाट उरलीच असती. पण ९४४ चं उदाहरण आठवा, सारख्या वजनांनी एका टोकदार शिखराचा सपाट ठोकळा होतो. ते नको असेल तर मधे जास्त आणि कडेला कमी अशी वजनं घ्या, [१, २, १] भागिले ४ किंवा [१, ४, ६, ४, १] भागिले १६. यातला दुसरा म्हणजे पहिलाच दोनदा लावलेला, कारण कन्व्हॉल्यूशनमध्ये आधी दोन कर्नल एकमेकांवर चालवून मग डेटावर चालवले काय किंवा डेटावर एकामागून एक चालवले काय, उत्तर तेच येतं (टोकं सोडून). शिखराची उंची जपायची असेल तर सॅवित्स्की आणि गोले यांचा १९६४ चा फिल्टर बघा, पाच आकड्यांचा असेल तर [−३, १२, १७, १२, −३] भागिले ३५. उणे आकडे बघून दचकू नका, प्रत्येक विंडोत एक वर्गसमीकरणाचा वक्र बसवून त्याचा मधला बिंदू घ्यायचा, ते सगळं काम या पाच आकड्यांत बसतं. सायपायमध्ये सॅवगोल-फिल्टर नावाने तो तयार आहे आणि टोकांनाही तो डिफॉल्टने तसाच वक्र बसवतो, शून्यं धरत नाही.

बदलाचा वेग हवा असेल, म्हणजे पातळी रोज किती चढतेय, तर कर्नल [०.५, ०, −०.५], सेम मोड. चिन्हं उलटी वाटतात ना? कन्व्हॉल्व्ह ती उलटून लावतं, त्यामुळे उद्याच्या पातळीला + आणि कालच्या पातळीला − लागतं, बरोबर तेच हवं असतं. इथे मात्र टोकांना खूप जपा. पातळी [१००, १०२, १०४] असेल तर खरा वेग २ आहे, पण पहिल्या जागी (१०२ − ०) / 2 म्हणजे ५१ येतं आणि शेवटच्या जागी −५१. अशा एका आकड्याने ग्राफचा पूर्ण स्केल बिघडतो. दोन्ही टोकं काढून टाका किंवा सरळ एनपी.ग्रेडियंट वापरा.

काही बारीक गोष्टी ज्या एरर न देता उत्तर बिघडवतात. आवाजाच्या किंवा इमेजच्या फायलीतून आलेले आकडे ८ बिटचे असतात कधी कधी, आणि कर्नलही ८ बिटचाच बनवला तर [२००, २००] वर [१, १] चालवल्यावर मधे ४०० ऐवजी १४४ येतं, २५५ च्या वर गेलं की मोजणी शून्यापासून परत सुरू. म्हणून आधी सगळं फ्लोटमध्ये बदलून घ्या. सायपायच्या एनडी-इमेज मोड्यूलमधलं कन्व्हॉल्व्ह-वन-डी वापरत असाल तर तिथे आउटपुटचा टाईप इनपुटसारखाच राहतो, म्हणजे पूर्णांक दिले तर सरासरीचा दशांश भाग गळून पडतो, इलाज तोच, फ्लोट. याच मोड्यूलमध्ये टोकांच्या मोडची नावंही नंपायपेक्षा वेगळी आहेत आणि हे खरंच त्रासदायक आहे: नंपाय-पॅडचं 'सिमेट्रिक' म्हणजे तिकडचं 'रिफ्लेक्ट', नंपायचं 'रिफ्लेक्ट' म्हणजे तिकडचं 'मिरर', आणि नंपायचं 'एज' म्हणजे तिकडचं 'निअरेस्ट'. नंपायच्या 'सिमेट्रिक' आणि 'रिफ्लेक्ट'मधला फरक इतकाच की टोकाचा आकडा स्वतः परत मोजायचा की नाही. आणि एक, डेटा कर्नलपेक्षा छोटा असेल तर नंपाय गुपचूप दोघांची अदलाबदल करतं, पाच दिवसांच्या डेटावर सातचा कर्नल सेम मोडने चालवला तर सात आकडे परत येतात.

वेगाची काळजी रोजच्या पावसाला करायची गरज नाही, शंभर वर्षांचा डेटा असला तरी ३६,५०० च्या आसपास आकडे. आवाजात मात्र सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. दहा सेकंदांच्या आवाजावर तीन सेकंदांचा हॉलचा घुमार चढवायचा म्हटलं तर ४,४१,००० × १,३२,३०० म्हणजे जवळपास ५,८३४ कोटी गुणाकार. तिथे एफएफटीची (फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म, हेच उत्तर फार कमी गुणाकारांत काढणारी) पद्धत लागते, सायपाय-सिग्नलमधलं कन्व्हॉल्व्ह साधी पद्धत की एफएफटी हे लांबी बघून स्वतःच ठरवतं, आणि सिग्नल फार लांब नि कर्नल त्यामानाने छोटा असेल तर ओए-कन्व्हॉल्व्ह आहे, ते तुकडे पाडून करतं. एफएफटीने दोन गोष्टी बदलतात. जिथे नेमकं ० यायला हवं तिथे अतिशय बारीक, कधी उणेसुद्धा, आकडे येतात, त्यामुळे पुढे लॉग किंवा वर्गमूळ घेणार असाल तर आधी ते साफ करा. आणि एक जरी नॅन असला तरी आउटपुट सगळंच्या सगळं नॅन होतं, फक्त शेजारचे सात नाही.

शेवटी बऱ्याच स्टेशनांचा डेटा एकत्र असेल त्याबद्दल. ओळींमध्ये दिवस, कॉलमांमध्ये स्टेशनं, असा टेबल एनपी.कन्व्हॉल्व्हला दिला तर ते एररच देतं, ते फक्त एका रांगेवर चालतं. टेबल सपाट करून एकच लांब रांग केली तर एररही जाते आणि उत्तरही जातं, कारण एकाचे आकडे दुसऱ्यात मिसळतात. एनडी-इमेजच्या कन्व्हॉल्व्ह-वन-डीला टेबल चालतो, पण त्याचा अ‍ॅक्सिस डिफॉल्टने शेवटचा असतो, म्हणजे काही न सांगता दिलंत तर ते कुलाबा, सांताक्रूझ, ठाणे यांचीच एकमेकांत सरासरी काढेल आणि टेबलचा आकार तसाच राहिल्यामुळे कळणारही नाही. अ‍ॅक्सिस = ० स्वतः लिहा. खात्री करायला सगळीकडे ० असलेला टेबल घ्या, एका स्टेशनच्या मधल्या दिवशी १ ठेवा आणि चालवा. तो १ त्याच कॉलममध्ये वर-खाली पसरला तर बरोबर, शेजारच्या कॉलमांत गेला तर अ‍ॅक्सिस चुकलाय.